अपडेट केलं आणि लॅपटॉप उठेना

'रात्री उबुंटूनं अपडेट विचारलं, मी हो म्हटलं, सकाळी नुसता काळा पडदा.' 'मेनूतून विंडोज गायब झालं, माझं पार्टिशन उडालं का?' 'दुकानवाले म्हणतात फॉरमॅट मारावं लागेल. खरंच लागतं का?' लिनक्स वापरणाऱ्या, विशेषतः एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवणाऱ्या वाचकांकडून हे प्रश्न सतत येतात. विचारणारे बहुतेक विद्यार्थी असतात आणि प्रोजेक्ट उद्या द्यायचा असतो.

पहिलं उत्तर सगळ्यांना सारखंच: फॉरमॅट करू नका. कर्नलचं अपडेट तुमच्या फाइलींना हात लावत नाही. लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे वाटेत कुठंतरी अडलाय. कुठं अडलाय ते कळलं की बहुतेक वेळा अर्ध्या तासाचं काम असतं.

लेखातल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. डॅश, तिरकी रेघ आणि मोकळ्या जागा मात्र इथं दिसतात तशाच ठेवायच्या. उदाहरणं उबुंटू, मिंट आणि डेबियनची आहेत. फेडोराचा फरक पडतो तिथं तसं सांगितलं आहे.

आधी फोटो काढा

काहीही दाबण्यापूर्वी पडद्यावर जे दिसतंय त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. मशीनचे शेवटचे शब्द हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो, आणि घाबरून तीनदा रिस्टार्ट केल्यावर ते नेमके आठवत नाहीत.

लॅपटॉप सुरू होताना पालखीसारखा खांदेपालट होत असतो. मदरबोर्डवरचं फर्मवेअर ग्रब या बूटलोडरला शोधतं. ग्रब मेनू दाखवतो, कर्नल आणि त्याच्यासोबतची इनिट्रॅमएफएस नावाची फाइल मेमरीत चढवतो. या फाइलीत डिस्क उघडण्यापुरती हत्यारं असतात. ती वापरून कर्नल तुमची खरी डिस्क जोडतो आणि मग लॉगिनचा पडदा येतो. पालखी कोणाच्या खांद्यावर असताना थांबली, ते पडद्यावरून कळतं:

- ग्रब कुठंच नाही, थेट विंडोज सुरू होतं: फर्मवेअरमधला क्रम बदलला आहे.
- 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून कर्सर लुकलुकतोय: ग्रबला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत.
- 'शिम', 'सिग्नेचर' किंवा 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' हे शब्द दिसतात: सिक्युअर बूटनं अडवलं आहे.
- 'कर्नल पॅनिक', पुढं 'अनेबल टू माउंट रूट एफएस': कर्नल आला, पण इनिट्रॅमएफएस बनलेलीच नाही किंवा अर्धवट आहे.
- कंसात 'इनिट्रॅमएफएस' असं लिहिलेला प्रॉम्प्ट: डिस्क सापडली नाही किंवा तपासणीत अडकली.
- सगळं नीट चाललं आणि शेवटी पडदा काळा: बूटलोडरचा दोष नाही, बहुतेक ग्राफिक्सचा ड्रायव्हर.

जुना कर्नल अजून तिथंच आहे

हे अनेकांना माहीतच नसतं. उबुंटू नवा कर्नल जुन्याच्या जागी बसवत नाही, शेजारी बसवतं. चालू असलेला कर्नल नवा आल्यावरही डिस्कवर राहतो. फेडोरा नेहमीच्या मांडणीत तीन ठेवतं. म्हणजे कालपर्यंत जो चालत होता तो आजही उपलब्ध आहे, फक्त मेनूत एक पायरी आत.

मेनू दिसत नसेल, कारण एकटं उबुंटू असेल तर तो लपवलेलाच असतो, तर असं करा:

1. नव्या यूईएफआय पद्धतीच्या मशीनवर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच टिचकीसारखं दाबा. जुन्या बायोस मशीनवर शिफ्ट दाबून धरा.
2. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असं लिहिलेली ओळ निवडा.
3. यादीत सगळ्यात वर नवा कर्नल असेल. त्याच्या खालचा, रिकव्हरी नसलेला, निवडा.

एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेनूऐवजी 'ग्रब' आणि बाण असा प्रॉम्प्ट येतो. बिघडलं काही नाही. 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप दाबा. आधीचं बूट अर्धवट सुटलं असेल तर उबुंटूत मेनू बऱ्याचदा आपणहून दिसतो, तेव्हा थोडं थांबून पाहा.

जुना कर्नल चालला तर निम्मी लढाई जिंकलीच. टर्मिनल उघडून 'यूनेम -आर' द्या. जो आकडा येईल तो कागदावर लिहून ठेवा. पुढं काहीही झालं तरी हा कर्नल काढायचा नाही.

जुन्या कर्नलमध्ये शिरल्यावर

अपडेट चालू असताना लाईट गेली, बॅटरी संपली किंवा 'किती वेळ लागतोय' म्हणून झाकण मिटलं, ही सगळ्यात नेहमीची कारणं. पॅकेज उतरलं पण बसवण्याचं काम अर्धवट राहिलं. त्यामुळे पहिली आज्ञा 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. ती अर्धवट राहिलेली कामं पूर्ण करते आणि कुठं अडतंय तेही सांगते.

तिनं 'नो स्पेस लेफ्ट' म्हटलं तर दुसरं नेहमीचं कारण सापडलं. पूर्ण डिस्क कूटबद्ध करून घेतलेल्या मशीनवर 'बूट' हे वेगळं, छोटं पार्टिशन असतं. जुन्या मशीनवर अनेकदा एक जीबीपेक्षाही लहान. एकेका कर्नलची इनिट्रॅमएफएस शंभर एमबीच्या घरात जाते. तीनचार कर्नल साठले की नवीन फाइल अर्धी लिहून जागा संपते, आणि पुढच्या वेळी 'कर्नल पॅनिक'. 'डीएफ -एच /बूट' देऊन पाहा. शंभर टक्के दिसलं तर 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' द्या. मात्र होकार देण्यापूर्वी काय काय काढणार त्याची यादी वाचा. कागदावरचा आकडा त्यात असता कामा नये.

त्या पार्टिशनमधल्या फाइली हातानं उडवण्याचा मोह होतो. मी तो एकदा पुरवून घेतला. फाइली गेल्या, पण पॅकेजच्या नोंदवहीत ते कर्नल 'बसवलेले' म्हणूनच राहिले आणि पुढचं प्रत्येक अपडेट त्यांच्या नावानं अडखळत राहिलं. एक रविवार त्यात गेला. कर्नल काढायचा तो पॅकेज म्हणूनच, एपीटीला सांगून.

जागा झाली की दोन आज्ञा, याच क्रमानं:

- 'सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल'
- 'सुडो अपडेट-ग्रब'

पहिली प्रत्येक कर्नलसाठी इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवते. दुसरी कुठले कर्नल आहेत ते पाहून मेनू नव्यानं लिहिते. दुसरी चालताना प्रत्येक कर्नलच्या ओळीखाली त्याच आकड्याची 'इनिटआरडी'ची ओळ छापली जाते आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. एखाद्या कर्नलला जोडीदार नसेल तर तोच पॅनिक करणार, आणि त्याची फाइल '-यू'ऐवजी '-सी' देऊन आणि 'ऑल'च्या जागी त्याचा आकडा लिहून नव्यानं बनवावी लागेल.

इथं एक चूक फार होते. मेनूची फाइल, म्हणजे ग्रब फोल्डरमधली 'ग्रब डॉट सीएफजी', लोक थेट उघडून बदलतात. ती फाइल पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा लिहिली जाते आणि तुमचा बदल वाहून जातो. बदल करायचा तो 'इटीसी' फोल्डरातल्या 'डिफॉल्ट'मधल्या 'ग्रब' नावाच्या फाइलीत, आणि त्यानंतर 'अपडेट-ग्रब'. फेडोरात 'अपडेट-ग्रब' नाही. तिथं प्रत्येक कर्नलची नोंद वेगळ्या छोट्या फाइलीत असते आणि 'ग्रबी' नावाच्या साधनानं मुख्य कर्नल ठरवतात. इनिट्रॅमएफएस बनवायचं काम तिथं 'ड्रॅकट'कडे असतं.

पडदा नुसता काळा असेल तर

मेनूत नवा कर्नल निवडून एंटर मारण्याऐवजी 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द असतील. ते काढा, तिथं 'नोमोडसेट' लिहा आणि एफ-10 दाबा. एरवी लपवलेले सगळे संदेश आता धडाधड सरकताना दिसतील, आणि कर्नल सुरुवातीला ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे वळणार नाही. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, त्यामुळे बिनधास्त करून पाहा.

यानं पडदा आला तर दोष बहुतेक एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा. तो प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बनवावा लागतो. 'डीकेएमएस स्टेटस' द्या. नव्या कर्नलच्या आकड्यापुढं 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल तर त्या कर्नलची हेडर्स पॅकेजं बसलेली नाहीत किंवा ड्रायव्हर नव्या कर्नलला अजून पुरेसा नवा नाही. नोमोडसेट कायमचं लिहून ठेवणं म्हणजे पाय दुखतो म्हणून कायम कुबडी घेणं. पडदा दिसेल, पण ग्राफिक्स कार्ड जवळपास बसून राहील.

सिक्युअर बूटनं अडवलं असेल तर

सिक्युअर बूट म्हणजे फर्मवेअरचा पहारेकरी. सही असलेल्याच बूटलोडरला तो आत सोडतो. त्याच्यामुळे अडलेल्यांचे दोन प्रकार आहेत.

पहिला: नवा कर्नल सुरू होतो, पण बाहेरून बसवलेला ड्रायव्हर चालत नाही. ड्रायव्हरच्या वेळी तुम्हाला एक पासवर्ड ठेवायला सांगितला होता आणि रिस्टार्टनंतर निळा पडदा आला होता, आठवतंय? त्या निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बहुतेक जण घाईत 'कंटिन्यू बूट' निवडतात आणि ड्रायव्हरची सही अनोळखीच राहते.

दुसरा प्रकार ऑगस्ट 2024 मध्ये जगभर दिसला. 13 ऑगस्टच्या विंडोज अपडेटनं जुन्या, धोकादायक ठरलेल्या बूटलोडरांना बंदी घालणारी यादी फर्मवेअरमध्ये टाकली. शेजारी लिनक्स असलेली मशीनं वगळायची असं मायक्रोसॉफ्टनं ठरवलं होतं, पण ती ओळखण्यात चूक झाली. अनेकांना सुरुवातीलाच 'एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' दिसलं आणि मशीन बंद. तेव्हा लिनक्सकडून काहीच बदललं नव्हतं. म्हणून शेवटचं अपडेट कुठल्या बाजूनं आलं होतं, हे स्वतःला नक्की विचारा. तोडगा असा होता: फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्समध्ये शिरून 'सुडो मॉकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' द्यायचं, एकदा लिनक्समध्येच रिस्टार्ट करायचं, बूटलोडर अद्ययावत करायचा आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू.

सावधान: सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी विंडोजची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद आहे का ते पाहा. अनेक नव्या लॅपटॉपवर मालकाला पत्ता नसताना ते चालू असतं. सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती नसेल तर त्या पार्टिशनमधला डेटा गेल्यातच जमा. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. आधी मोबाइलवरून खातं उघडून ती उतरवून घ्या आणि मगच फर्मवेअरमध्ये शिरा.

विंडोज मेनूतून गायब, किंवा लिनक्सच गायब

विंडोज उडालेलं नाही. 2021 मध्ये आलेल्या ग्रबच्या 2.06 आवृत्तीपासून शेजारच्या सिस्टिमा शोधण्याचं काम सुरक्षेच्या कारणानं मुळातच बंद ठेवलेलं असतं. अपडेटनंतर मेनू नव्यानं लिहिला गेला आणि विंडोजची ओळ गळाली, एवढंच. वर सांगितलेल्या 'ग्रब' फाइलीत 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' अशी ओळ घाला; शेवटचा शब्द लहान अक्षरांत, आधीचं सगळं मोठ्या. 'ओएस-प्रोबर' हे पॅकेज आहे ना ते पाहा आणि 'अपडेट-ग्रब' द्या.

उलट, थेट विंडोजच सुरू होत असेल तर लॅपटॉप चालू करताना एफ-12, एफ-9 किंवा तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून बूट मेनू उघडा. तिथं 'उबुंटू' ही ओळ असली तर ती निवडा. आत गेल्यावर 'सुडो ईएफआयबूटएमजीआर' क्रम दाखवतं, आणि त्यालाच '-ओ' देऊन क्रम बदलता येतो.

एकही कर्नल चालत नाही: पेनड्राइव्हचा रस्ता

मित्राच्या मशीनवर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून घ्या आणि 'ट्राय' निवडून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. 'इन्स्टॉल'ला स्पर्श करायचा नाही. आत गेल्यावर पहिलं काम दुरुस्तीचं नाही. तुमचं पार्टिशन उघडून महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. त्यानंतर हात थरथरत नाहीत.

मग:

1. 'एलएसबीएलके -एफ' देऊन कुठलं पार्टिशन कशाचं ते ओळखा. 'ईएक्सटी4' बहुधा तुमचं लिनक्स. 'व्हीफॅट' असलेलं छोटं, ते ईएफआय.
2. लिनक्सचं पार्टिशन 'एमएनटी' या फोल्डरला 'माउंट' आज्ञेनं जोडा. वेगळं 'बूट' पार्टिशन असेल तर ते 'एमएनटी'मधल्या 'बूट'ला आणि ईएफआय त्याच्याही आतल्या 'ईएफआय'ला.
3. 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' आणि 'रन' हे चार फोल्डर 'माउंट --रबाइंड'नं 'एमएनटी'मध्ये त्याच नावांच्या जागी जोडा.
4. 'सुडो सीएचरूट /एमएनटी'. आता तुम्ही पेनड्राइव्हवरून आपल्याच आजारी सिस्टिमच्या आत आहात.
5. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'अपडेट-इनिट्रॅमएफएस', मग 'ग्रब-इन्स्टॉल', शेवटी 'अपडेट-ग्रब'.

यात तीन खड्डे आहेत. एक, लॅपटॉप यूईएफआय पद्धतीनं चालतो आणि पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीनं सुरू केला, तर ग्रब चुकीच्या प्रकारचा बसतो. 'सिस' फोल्डरातल्या 'फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' नावाचं फोल्डर दिसलं की पद्धत बरोबर. दोन, जुन्या बायोस मशीनवर 'ग्रब-इन्स्टॉल'ला पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं, म्हणजे 'एसडीए', 'एसडीए1' नाही. यूईएफआयवर डिस्कचं नाव द्यावंच लागत नाही. तीन, कूटबद्ध डिस्क असेल तर ती उघडताना 'क्रिप्टटॅब' फाइलीत लिहिलेलं नावच द्या. दुसरं नाव दिलंत तर इनिट्रॅमएफएस बनताना कुलूप उघडायचं साधनच आत घेतलं जात नाही, आणि तुम्ही पुन्हा तिथंच.

डिस्क चुकीची असण्याचा फटका जुलै 2020 मध्ये अनेकांना बसला. 'बूटहोल' नावानं गाजलेली ग्रबमधली त्रुटी बुजवणारं अपडेट आलं. ज्यांच्या डेबियन-उबुंटूत ग्रबची नोंद भलत्याच डिस्कवर होती, त्यांच्या फाइली नव्या झाल्या आणि डिस्कच्या सुरुवातीचा तुकडा जुनाच राहिला. दोघांचं जमेना, म्हणून 'ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड' आणि रेस्क्यू प्रॉम्प्ट. उपाय होता योग्य डिस्कवर ग्रब बसवून 'सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर ग्रब-पीसी' देण्याचा आणि यादीत खरी डिस्क निवडण्याचा. डिस्क बदललेल्या, एचडीडी काढून एसएसडी घातलेल्या जुन्या मशीनवर हे आजही घडू शकतं.

'इनिट्रॅमएफएस' प्रॉम्प्टला अडलेल्यांनी आधी संदेश वाचावा. 'रन एफएससीके मॅन्युअली' असं असेल तर तिथंच 'एफएससीके -वाय' आणि संदेशात छापलेलं पार्टिशनचं नाव द्या, मग 'एक्झिट'. 'यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट' असेल तर 'बीएलकेआयडी' देऊन खरा यूयूआयडी पाहा. तिथं डिस्कच दिसत नसेल तर आज्ञा थांबवा. केबल किंवा डिस्क स्वतःच गेली असण्याची शक्यता आहे.

नवा कर्नल काही जमेना, तर

जुन्यावर काही आठवडे काढायला हरकत नाही. 'ग्रब' फाइलीत 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' आणि 'ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू' लिहा ('सेव्ह्ड' आणि 'ट्रू' लहान अक्षरांत), 'अपडेट-ग्रब' द्या, म्हणजे मेनूत तुम्ही शेवटी निवडलेला कर्नलच पुढच्या वेळी चालेल. ओळीचा क्रमांक लिहून ठेवण्याची युक्ती टाळा. नवा कर्नल आला की क्रमांक सरकतात. 'एपीटी-मार्क होल्ड' देऊन कर्नलची पॅकेजं रोखूनही ठेवता येतात, पण त्याबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. म्हणून कॅलेंडरमध्ये तारीख घाला आणि 'अनहोल्ड' करा.

दुकानात न्यायची वेळ आली तर

प्रत्येकाकडे वेळ किंवा धीर असतोच असं नाही. फक्त काउंटरवर लॅपटॉप ठेवण्यापूर्वी जॉब शीटवर हे लिहून घ्या: 'डेटा तसाच ठेवायचा, परवानगीशिवाय फॉरमॅट करायचं नाही', कामाचा अंदाजे खर्च, आणि लॅपटॉपसोबत दिलेल्या वस्तू. सहीची एक प्रत किंवा फोटो तुमच्याकडे. बिटलॉकरची की कागदावर लिहून सोबत देऊ नका. लागली तर तुमच्यासमोर टाइप करा.

पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवाच आहे. सांगूनही डेटा पुसला गेला तर ती सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते, आणि तेव्हा जॉब शीटवरची ती एक ओळच कामाला येते. पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंदवता येते. लिनक्स कर्नलच्या बाबतीत मात्र हात वर: तो ज्या परवान्याखाली फुकट मिळतो, त्यात हमी नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून लाइव्ह पेनड्राइव्ह आजच, लॅपटॉप धडधाकट असताना बनवा, आणि त्यावरून एकदा मशीन सुरू करून पाहा. बॅगेत पडलेला पेनड्राइव्ह चालतो की नाही हे परीक्षेच्या आदल्या रात्री कळून उपयोग नाही.